दोन गाड्या, एक उमेदवार

तात्यांच्या गाडीत बसायची एक रीत होती. दार उघडायचं, गाडीकडे पाठ करायची आणि स्वतःला सोडून द्यायचं. पुढचं गाडी बघून घ्यायची. उतरायला मात्र रीत नव्हती. पाय बाहेर, दाराच्या चौकटीला हात, एक मोठा श्वास आणि मग ज्याचं जसं नशीब. तात्या शहात्तर वर्षांचे होते आणि अजूनही एका दमात उतरत. निदान खाली पार्किंगमध्ये कोणी बघत असलं तर नक्कीच. कोणी नसलं तर दोन दम लागत, पण ते मोजायला कोण होतं?

गाडी दोन दारांची, दोन सीटची, कापडी छपराची आणि गडद हिरव्या रंगाची. तात्यांनी ती वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी घेतली, कोणीतरी चार वर्षं वापरून सोडलेली. त्या वयात चारचौघांना रक्तदाब होतो. तात्यांना ही झाली. बायकोने तेव्हा विचारलं होतं, "अहो, आपण तिघं आणि सीट दोन. पुरायचं कसं?" तात्या म्हणाले होते, "आळीपाळीने जाऊ." सगळी इमारत त्यांच्या बायकोला काकू म्हणायची, तेव्हा आपणही काकूच म्हणू. काकूंनी त्या दिवसापासून गाडीला जी नावं ठेवायला सुरुवात केली, ती सत्तावीस वर्षं थांबली नव्हती. डिकीत एक पिशवी आणि एक कलिंगड मावतं, दुसरं घेतलं तर मांडीवर धरायचं. खिडकीतून जग दिसतं, पण गुडघ्यापर्यंतच. अमुक माणूस भेटला का म्हणून विचारलं, तर त्याचे बूट भेटले म्हणून सांगावं लागतं. तात्या हसत नसत. गाडीला ते तळहाताच्या फोडासारखं जपत आणि तिच्याबद्दलचे विनोद त्यांच्या मते सगळे जुने होते.

आता तात्या कोण, हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं नीट कळायचं नाही. तात्या चौतीस वर्षं सरकारी खात्यात वाहन परवान्याचे परीक्षक होते. म्हणजे लायसन्स हवं असलेला माणूस गाडी चालवायचा आणि तात्या त्याच्या डाव्या हाताला, मांडीवर फॉर्म घेऊन, दगडी चेहऱ्याने बसायचे. फॉर्मवर चोवीस मुद्दे. शहरात त्यांना 'लाल पेन' म्हणत, आणि अजूनही बाजारात एखादा टक्कल पडलेला गृहस्थ त्यांना बघून रस्ता बदलायचा. परीक्षेच्या गाडीत तात्यांच्या पायाखाली एक दुसरा ब्रेक असे. उमेदवाराने वेळेवर ब्रेक मारला नाही, तर तो तात्या मारत. आणि खात्याचा नियम असा, की परीक्षकाला एकदा जरी तो दाबावा लागला, तरी उमेदवार नापास. मग चोवीसच्या चोवीस मुद्दे सोन्यासारखे असोत. अपील नाही, रडारड नाही, 'माझं लक्ष होतं हो साहेब' नाही. ब्रेक दुसऱ्याने मारला, विषय संपला.

पोटच्या पोरीलाही त्यांनी सोडलं नव्हतं. अठराव्या वर्षी ती परीक्षेला आली तेव्हा एकदा आरशात न बघितल्याबद्दल आणि एकदा पांढऱ्या रेषेवर चाक टेकवल्याबद्दल, असं दोनदा तिला घरी परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला काकूंनी तीन दिवस अबोला धरला होता. तिसऱ्या खेपेला लेकीने गुपचूप दुसऱ्या परीक्षकाची वेळ घेतली आणि पास झाली. तो परीक्षक मऊ होता, हे तात्यांचं मत अजून कायम होतं.

तीच लेक आता सेहेचाळीस वर्षांची, मोठ्या रुग्णालयातली भूलतज्ज्ञ. रविवारी सकाळी ती आली ती एका नव्या कोऱ्या क्रॉसओव्हरमध्ये बसून. ओल्या सिमेंटच्या रंगाची ती उंच, गुबगुबीत गाडी तिने नेमकी हिरव्या गाडीच्या शेजारी आणून उभी केली. हिरव्या गाडीचं छप्पर तिच्या खिडकीच्या काठाला लागत होतं.

"तात्या, खाली या! आई, तूही ये!"

तात्या खाली आले, हात मागे बांधून गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "ही गाडी आहे की जिना चढून जायचं काही?"

"बसून तर बघा."

काकू तोवर बसल्या होत्यासुद्धा. कंबरेच्या दुखण्यामुळे हिरव्या गाडीत त्या चार वर्षांत बसल्या नव्हत्या. इथे त्यांनी पाय उचलला, आत ठेवला, झालं. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "आपल्या खुर्चीत बसल्यासारखी बसले की गं!" त्यांच्या आवाजातला आनंद तात्यांना टोचला. चार वर्षं आपली बायको रिक्षाने फिरते आहे, हे त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि तिला असं खिडकीतून राणीसारखं बाहेर बघताना पाहणं वेगळं.

लेकीने एकेक गोष्ट दाखवली. सीट गरम होते. मागे येताना मागचा रस्ता पडद्यावर दिसतो. डिकीखाली पाय हलवला की डिकी उघडते. तात्यांनी पाय हलवला, उघडली नाही. पुन्हा हलवला. तिसऱ्यांदा हलवला तेव्हा समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ आपल्यालाच नमस्कार केला असं समजून हात हलवू लागले.

"आणि कप ठेवायच्या जागा बघा."

तात्यांनी मोजल्या. "सात. माणसं पाच आणि कप सात. दोन कप कोणाचे?"

"पाहुण्यांचे," काकू आतून म्हणाल्या.

"आतून आवाज काहीच येत नाही," लेक म्हणाली. "चालू आहे का बंद, तेसुद्धा कळत नाही."

"माणूस झोपायचा अशाने. तुझ्या धंद्याला साजेशी घेतली आहेस."

लेक हसली नाही, तेव्हा तात्यांच्या लक्षात आलं की काहीतरी येतं आहे. ते आलंच. "ही मी तुमच्यासाठी घेतली आहे, तात्या. तुम्हा दोघांसाठी. इमारतीत तुम्हाला जागा एकच. तेव्हा ती," तिने हनुवटीने खाली हिरव्या गाडीकडे दाखवलं, "आता जाऊ द्या. तिच्यात हवेची पिशवी नाही, सेन्सर नाही, कॅमेरा नाही. काही झालं तर तुम्ही आणि पत्रा. या वयात नको."

"गाडीच्या की माझ्या?"

"दोघांच्या."

तात्यांच्या नाकावर माशी बसलेली त्यांना कधी चालली नव्हती. "गाडी कोण चालवतं, सेन्सर का माणूस? मला असलं काही लागत नाही आणि ते मी सिद्ध करून दाखवतो. फॉर्म आण."

फॉर्म होते. निवृत्तीच्या दिवशी एक आख्खं पुडकं ते घरी घेऊन आले होते, का ते त्यांनाच माहीत. काकूंनी वर जाऊन दोन आणून दिले, इतक्या चटकन की जणू हाताशीच काढून ठेवले होते. मग तिथेच, दोन गाड्यांच्या मधे उभं राहून, अटी ठरल्या. रस्ता एकच: फाटक, शाळा, बेकरीचा कोपरा, पाण्याच्या टाकीचा चढ, चौकातलं गोल बेट आणि परत. आधी हिरवी, मग नवी. चालवणार तात्या, परीक्षक लेक. नवी चालवताना तिच्या सेन्सरची सगळी मदत बंद. एक जरी मोठी चूक झाली तर हिरवी गाडी पुढच्या आठवड्यात विकायची आणि तात्यांनी त्यावर आयुष्यात पुन्हा बोलायचं नाही. चूक झाली नाही तर हिरवी राहील आणि लेक आपली नवी गाडी परत घेऊन जाईल.

"अठ्ठावीस वर्षं वाट बघितली आहे मी याची," लेक म्हणाली आणि लाल पेन मागितलं.

हिरव्या गाडीत लेक पडली, म्हणजे बसली, आणि तिचे गुडघे हनुवटीशी आले. तात्यांनी किल्ली फिरवली. गाडी आधी खोकली, मग गुरगुरली आणि मग सगळ्या पार्किंगला आपण उठलो आहोत हे सांगितलं. तात्यांच्या तळव्यात गिअरचा लाकडी गोळा थरथरला आणि त्यांना खरोखर बरं वाटलं. या गाडीत आपण चालवतो आहोत हे क्षणोक्षणी कळत होतं. रस्त्यावरचा खडा कळत होता, खड्डा कळत होता, खड्ड्यातला खडासुद्धा कळत होता.

"तात्या, माझे दात आहेत ना जागेवर?"

"परीक्षकाने उमेदवाराशी बोलू नये."

गतिरोधक आला की तात्या गाडी तिरकी करून एकेक चाक खेकड्यासारखं पलीकडे नेत. लेकीने त्यावर विचार केला आणि काही लिहिलं नाही. फॉर्मवर खेकड्यासाठी मुद्दा नव्हता. बेकरीच्या कोपऱ्यावर डावीकडून कोणीतरी मोठ्याने हॉर्न वाजवला, आणि एक शिवीही ऐकू आली.

"काय झालं?" लेकीने मान उंच केली. शेजारी उभ्या ट्रकच्या टायरपलीकडे तिला काही दिसेना.

"काही नाही. लोकांना रविवारीसुद्धा घाई."

चढ चढला, बेटाला वळसा पडला, गाडी जागेवर आली. लेकीने हिशेब मांडला: एक किरकोळ चूक, हॉर्नबद्दल, तीही संशयाचा फायदा देऊन. तात्या एका दमात उतरले. लेकीला तीन लागले आणि वर काकू गॅलरीतून बघत होत्या, त्यामुळे ते सगळ्या इमारतीला कळलं.

मग नवी. तात्या वर चढले, खाली बघितलं, आपलं गाव डोंगरावरून बघावं तसं बघितलं. हातातलं चाक इतकं हलकं होतं की त्यांनी विचारलं, "हे खाली कुठे जोडलेलं आहे ना?" फाटकाबाहेर पडताच गाडी टीं टीं करू लागली. रेषेच्या जवळ गेलात, टीं. समोरची गाडी जवळ आली, टीं टीं. शाळेपाशी तर काहीच नसताना टीं.

"बंद कर हिला," तात्या म्हणाले. "सगळी मदत बंद ठरलं होतं. ही तर सासूसारखी मागे लागली आहे."

लेकीने गाडी कडेला घ्यायला लावली, पडद्यावर दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि टीं टीं थांबलं. "घ्या. बंद."

शांतता पसरली. काचेबाहेरचं जग निमूट सरकत होतं. तात्यांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं की पाठ दुखत नाही. काकूंना इथून रस्ता छान दिसेल, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं आणि त्यांनी ते तिथेच दाबलं. शेजारी लेक फॉर्मवर वाकली होती. शाळेपासचं वळण कसं झालं ते लिहीत होती. बेकरीचा कोपरा आला. तात्यांनी समोर बघितलं, रस्ता मोकळा होता, उजव्या पायाने किंचित जोर दिला.

आणि गाडी थांबली.

पट्ट्याने छाती आवळली. तात्यांच्या पायाशेजारचा ब्रेक आपल्याआप खाली गेला होता. त्यांचा पाय त्याच्यावर नव्हता. तो अजून एक्सलरेटरवरच होता. चाकामागे एक छोटंसं लाल चित्र उमटलं आणि विझलं. आणि गाडीच्या नाकासमोर, दोन हातांवर, सायकलवर एक मुलगी होती. नऊ-दहा वर्षांची, पिवळा स्वेटर, एक पाय जमिनीवर. ती डावीकडच्या गल्लीतून आली असणार, कारण दुसरीकडून यायला रस्ताच नव्हता. तिने काचेतून तात्यांकडे रागाने बघितलं, सायकल सावरली आणि निघून गेली.

लेकीने मान वर केली तेव्हा तिला मुलगी दिसली, सुखरूप, आणि गाडी दिसली, थांबलेली. फॉर्मवर तिच्या पेनाची लाल रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती.

"बाप रे!" ती म्हणाली. "तात्या! काय ब्रेक मारलात! मला कळलंसुद्धा नाही ती कुठून आली."

तात्यांना बोलायचं होतं. पण मागची गाडी हॉर्न देत होती, आणि लेक त्यांच्या खांद्यावर थोपटत होती. लहानपणापासून तिने त्यांना असं थोपटलं नव्हतं. त्यांनी गाडी पुढे घेतली. उरलेला रस्ता त्यांनी बैलगाडीच्या वेगाने आणि दर दहा हातांवर मान डावीकडे वळवत पार केला. लेकीने त्याचीही नोंद केली: निरीक्षण उत्तम.

घरी आल्यावर तिने चप्पल काढायच्या आधी सांगायला सुरुवात केली. "आई, तू असायला हवी होतीस. मी तिशीतल्या शल्यविशारदांबरोबर काम करते रोज, त्यांचे हात एवढे तल्लख नाहीत. समोर पोरगी आली कधी, गाडी थांबली कधी!" तिने टेबलावर दोन्ही फॉर्म ठेवले आणि दोन्हींच्या तळाशी लाल पेनाने 'उत्तीर्ण' लिहून सही ठोकली. "हरले मी. ठेवा तुमची ती पत्र्याची पेटी. असा ब्रेक मारणाऱ्या माणसाला मी काय सेन्सर शिकवणार? मी उगाच घाबरत होते, तात्या. गेला महिनाभर मला झोप नव्हती."

काकूंनी चहा आणून ठेवला आणि त्या तात्यांच्या तोंडाकडे बघत बसल्या.

तात्या जिंकले होते. आता फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात तर त्यांची हयात गेली होती. त्यांनी स्वतःची बाजू मांडून बघितली. पाय निघालाच होता ब्रेककडे. अर्ध्या क्षणाचा प्रश्न होता. पोरगी नियम सोडून आली. नवी गाडी, सवय नाही. ऊन डोळ्यावर होतं. ही सगळी वाक्यं चांगली होती. फक्त चौतीस वर्षांत ती सगळीच्या सगळी त्यांनी उमेदवारांच्या तोंडून ऐकली होती, याच क्रमाने. शेवटी लोक उन्हावरच यायचे. आणि त्या प्रत्येकाला ते एकच विचारत: ब्रेक कोणी मारला?

शिवाय पहिल्या फेरीतला तो हॉर्न होता. त्याच कोपऱ्यावर, त्याच बाजूने. हिरव्या गाडीत दुसरा ब्रेक नव्हता. तिथे कोणीतरी दुसऱ्याने वेळेवर आपली गाडी थांबवली होती आणि शिवी देऊन निघून गेला होता, आणि तात्यांनी त्यालाच घाईचा म्हटलं होतं. तात्यांना भीती वाटली. दुपारच्या उजेडात, स्वतःच्या टेबलापाशी बसून. पिवळा स्वेटर त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

"तो ब्रेक मी मारला नाही," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"गाडीने मारला. माझा पाय एक्सलरेटरवर होता. मला ती पोरगी दिसलीच नाही."

"अहो, पण मी सगळं बंद केलं होतं!"

"आवाज बंद केला होतास."

लेकीने कपाळावर हात मारून घेतला, पण विनोदाने नाही. "मी रोज ओरडते," ती हळू म्हणाली. "नव्या डॉक्टरांवर. मॉनिटरचा आवाज बंद केला म्हणजे मॉनिटर बंद होत नाही, म्हणून. रोज." तिने समोरचा फॉर्म उचलला, त्याच्यावरची आडवी लाल रेघ बघितली. "आणि मी तेव्हा खाली बघून लिहीत होते."

"परीक्षकाने गाडी चालू असताना लिहायचं नसतं," तात्या म्हणाले. "थांबल्यावर लिहायचं. तो मऊ माणूस तसंच करायचा, म्हणून तू पास झालीस."

तात्यांनी लाल पेन ओढून घेतलं, दोन्ही ठिकाणचं 'उत्तीर्ण' नीट, एका सरळ रेषेत खोडलं आणि वर जे लिहायचं ते लिहिलं. अक्षर पूर्वीइतकंच सुवाच्य आलं. आपल्याला वाईट वाटतं आहे, खूप वाईट वाटतं आहे, हे त्यांना पेन खाली ठेवल्यावर कळलं. "गाडी विकायची," ते म्हणाले. "आणि ही नवी चालवायला एक माणूस बघ. मी नाही."

"डावीकडचं दिसत नाही तुम्हाला," काकू म्हणाल्या.

दोघांनी त्यांच्याकडे बघितलं.

"चार महिने झाले, मी तुमचा चहा उजवीकडे ठेवते. त्याआधी तीन कप फोडलेत डाव्या हाताने, आणि तिन्ही वेळा कपाचीच चूक होती. दाराची डावी चौकट रोज खांद्याला लागते. 'माझ्या डाव्या बाजूला बसू नकोस' म्हणालात परवा, गर्दी होते म्हणून. दोघांची कसली गर्दी?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर ऐकलं असतंत? सत्तावीस वर्षं बोलतेच आहे त्या गाडीबद्दल." काकूंनी चहाचा कप तात्यांच्या उजव्या हाताशी सरकवला. "मागच्या चार महिन्यांत किती वेळा बाहेर काढलीत ती? आठवा. दर वेळी किल्ली घेतलीत की मला चक्कर आली, नाहीतर नळ गळायला लागला, नाहीतर पाहुणे येणार होते. किती पाहुणे आले? एक नाही. शेवटी माझ्याच्याने होईना, म्हणून हिला सांगितलं की नवी गाडी घेऊन ये. कशासाठी ते सांगितलं नाही. ही डॉक्टर, हिने येताक्षणी किल्ली काढून घेतली असती आणि तुम्ही जन्मभर तोंड फुगवून बसला असतात. म्हटलं, तुम्ही फॉर्म मागणारच, आणि हिला फॉर्म दिला तर ही शेजारी बसून डोळ्यात तेल घालून बघेल, हिच्या लक्षात येईल, आणि तुमच्याही येईल." त्या लेकीकडे वळल्या. "तू लिहीत बसशील हे मला काय माहीत?"

"आई, पण काही झालं असतं तर!"

"हो," काकू म्हणाल्या. "ते चुकलंच माझं. आज तुम्ही दोघं परत येईपर्यंत गॅलरीतून हलले नाही मी."

तात्यांना बायकोवर रागवायचं होतं. चार महिने आपल्या पाठीमागे एवढा कारभार चालला आणि आपल्याला पत्ता नाही! पण चार महिने रोज सकाळ-संध्याकाळ कप या हाताचा त्या हाताला ठेवायचा, तोंडातून ब्र न काढता, ही गोष्ट आडवी आली आणि राग तिच्यापुढे जाईना. "चक्कर खोटी होती होय," एवढंच ते म्हणाले. "मी लिंबू पिळून देत होतो."

"आणि मी पीत होते," काकू म्हणाल्या. "साखर जास्त घालता तुम्ही."

लेक तोवर उठली होती. तिने खुर्ची तात्यांच्या समोर ओढली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि बसली. तिच्या आवाजात आता घरातलं काही नव्हतं. रुग्णालयात भूल देण्याआधी लोकांशी बोलते तो सावकाश, गोड आवाज होता. तात्यांना तो आवडला नाही.

"उजवा डोळा झाका, तात्या. तळहाताने. दाबू नका. आता माझ्या नाकाकडे बघा, दुसरीकडे कुठेही नाही. मी तुमच्या डाव्या बाजूने बोट आत आणणार. दिसलं की 'हो' म्हणायचं."

"मला परीक्षा देता येते," तात्या म्हणाले. "सूचना एकदाच सांगायच्या असतात."

"नाकाकडे बघा."

त्यांनी नाकाकडे बघितलं. लेकीचं नाक काकूंचं होतं, हे त्यांनी सेहेचाळीस वर्षं बघितलं होतं, पण एवढ्या जवळून कधी नाही. नाकाच्या वर तिचे डोळे होते. ते आधी नुसते डॉक्टरचे होते, मोजणारे. मग हळूहळू त्यांत काहीतरी बदलू लागलं. तात्या उमेदवारासारखे ताठ बसून राहिले. चूक करायची नाही, मान वळवायची नाही, घाई करायची नाही.

"तयार आहे मी," थोड्या वेळाने ते म्हणाले. "आण बोट."

काकूंनी टेबलावरून हात पुढे करून त्यांचं मनगट धरलं.

"हलव जरा," तात्या म्हणाले. "हलवल्याशिवाय कसं दिसणार?"

"हलवतेच आहे, तात्या."